आमचं घर आधी जीन होतं

मागच्या महिन्यात भाच्याने एक व्हिडिओ पाठवला, नेदरलँड्समधल्या किंडरडाइक गावचा. तिथं १९ पवनचक्क्या आहेत, बहुतेक १७३८ ते १७४० च्या काळातल्या, शेतातलं पाणी उपसायला बांधलेल्या, आणि त्यांच्यात अजूनही माणसं संसार मांडून राहतात. खाली त्याने लिहिलं होतं, मामा तुमच्यासारखे येडे तिकडंही आहेत. मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. त्यांचं टेन्शन म्हणजे गोल भिंतीला कपाट कसं टेकवायचं, आमचं टेन्शन भिंतीतल्या भोकांचं, पण भानगड तीच, मशीनसाठी बांधलेल्या जागेत माणसं राहायला घुसली.

आम्ही राहतो ती जुनी जिनिंग फॅक्टरी आहे. दारव्ह्याच्या पट्ट्यात, यवतमाळ जिल्हा. गावाचं नाव मुद्दाम लिहित नाही, कारण नाव लिहिलं की रविवारी गाड्या भरून लोक पाहायला येतात आणि चहा करता करता बायको वैतागते. गावात कोणी जिनिंग म्हणत नाही, जीन म्हणतात. "कुठं राहता?" "जिनीत." बाहेरच्या माणसाला काही कळत नाही.

आता जीन काय असते ते न सांगता पुढं गेलो तर बाकीचं काहीच समजणार नाही म्हणून थोडं सहन करा. शेतातून वेचून आणतो तो कापूस, त्यात सरकी असते. सरकी वेगळी काढली की उरते ती रुई. एक क्विंटल कापसातून साधारण तिसरा हिस्सा रुई निघते, बाकी सरकी, जी पुढं तेलाला आणि ढेपेला जाते. पूर्वी हे काम घरोघरी हाताच्या रेच्यावर व्हायचं. १८५३ ला निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, आणि १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली तेव्हा तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना म्हणून सगळ्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर आली. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली, १८७० ला खामगावचा फाटा निघाला, पुढच्याच वर्षी अमरावतीचा. हे फाटे माणसांसाठी नव्हते, कापसासाठी होते. आमच्याकडं आली ती शकुंतला, मूर्तिजापूर ते यवतमाळ, छोटी लाइन, किलिक निक्सन कंपनीची. जिकडं रूळ तिकडं जीन आणि तिकडंच गासड्या बांधायचा प्रेस, हे गणित सरळ होतं. शंभर वर्षांपूर्वी एका गासडीत ३९२ पौंड रुई दाबायचे, आता १७० किलो. न दाबता ती मोकळी रुई रेल्वेत भरली असती तर डबे हवेनेच भरले असते.

आमच्या जिनीचा मला सापडलेला सगळ्यात जुना कागद १९२८ चा आहे, गहाणखताची नक्कल. बंद पडली १९९४ ला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शकुंतलेचं वाफेचं इंजिन काढून डिझेल लावलं, म्हणजे मँचेस्टरला बनलेलं ते १९२१ चं इंजिन आणि आमची जीन एकाच वर्षी रिटायर. मधल्या काळात १९७२ ची कापूस एकाधिकार योजना आली, म्हणजे कापूस फक्त सरकारच घेणार, शेठ लोकांचा स्वतःचा खरेदीचा धंदा गेला, सरकारी कापूस मजुरीवर रेचून द्यायचा एवढंच राहिलं. २००० मध्ये टेक्नॉलॉजी मिशन ऑन कॉटन आलं तेव्हा जुन्या जिनी सुधारायला पैसे मिळत होते, पण आमच्या जिनीत तोवर सुधारण्यासारखं काही उरलंच नव्हतं, मशिनी भंगारात गेलेल्या आणि आत कडुलिंब उगवलेला.

मी कृषी केंद्र चालवतो, पैसेवाला नाही. घर बांधायला प्लॉट शोधत होतो आणि गावाला लागून चाळीस आर जागा स्वस्तात मिळत होती, स्वस्त यासाठी की वर ही पडकी इमारत होती आणि पाडायचा खर्च कोणी उचलेना. म्हणजे खरं सांगायचं तर हेरिटेज वगैरे माझ्या डोक्यात नव्हतं. पाडायचीच होती. जेसीबीवाल्याने येऊन पाहिलं, दीड फुटी भिंतीवर हात मारला आणि म्हणाला भाऊ, ही पाडून नवी बांधाल त्या पैशात हिच्यावर छप्पर घाला न. तिथून सुरू झालं.

कागदपत्रांचं थोडक्यात आटपतो. मालकाचे वारस सतरा. पुणे, इंदूर, एक कॅनडाला, एक मावशी तिला आपण वारस आहोत हेच माहीत नव्हतं. सर्च रिपोर्ट काढला, हक्कसोडपत्रं झाली, सह्या जमवायला सात महिने. सातबारावर इतर हक्कात एक जुना बोजा, ज्या संस्थेचा होता ती संस्थाच कधीची बंद झालेली, तो कमी करायला कोणाचं पत्र आणायचं हे कोणीच सांगेना. जागा अकृषक होती पण औद्योगिक, राहायला ती रहिवासी करून घ्यावी लागली, जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम ४४ मला आता गायत्री मंत्रासारखं पाठ आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये इमारतीची नोंद 'गोडाऊन' अशी. पाहणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, फॅक्टरी आहे तर मशिनरी कुठंय? मी म्हटलं साहेब, म्हणूनच तर राहायला मागतोय. एकूण चौदा महिने.

खरा विरोध घरातच होता. माय म्हणाली, "जिनीत राहाले जाते का कोनी? मी नाही येत बाप्पा."

माझी आजी त्या जिनीत तीस वर्षं कामाला होती. माय दहाव्या वर्षापासून, लग्न होईपर्यंत. हे मला माहीत होतं पण जसं आपल्याला माहीत असतं तसं, म्हणजे ऐकलेलं. मायचं म्हणणं, "तुह्या आजीनं तिथं तीस वर्सं गर्दा खाल्ला, अन् तू तिथं देव्हारा मांडतं?" गर्दा म्हणजे कापसाची बारीक धूळ. आजी खोकून खोकून गेली. सगळे टीबी म्हणायचे, टीबीच्या गोळ्याही खाल्ल्या, काही फरक नाही. माय एक सांगायची की बाजाराच्या दिवशी जीन बंद असायची आणि बाजाराच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेलं की आजीची छाती जास्त भरायची, मग आठवडाभरात जरा सैल व्हायची. लहानपणी हे विचित्र वाटायचं, आराम केल्यावर त्रास वाढतो कसा. मग कधीतरी डॉक्टर मित्राशी बोलताना हे निघालं तर तो म्हणाला अरे ही तर बिसिनोसिसची खूण आहे, कापसाच्या धुळीचा आजार, सुटीनंतरच्या पहिल्या दिवशीच छाती आवळते, पुस्तकात असंच लिहिलंय. आजी जाऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती.

तर मायला न विचारता मी सौदा केला. ते चुकलंच.

आता इमारत. बहात्तर फूट लांब, तीस फूट रुंद, एकच हॉल. आत शिरल्यावर पायाखाली जमीन नाही, साडेपाच फूट उंच ओटा, भिंतीपासून भिंतीपर्यंत. ओट्यावर दोन रांगांत चोवीस जिनी उभ्या असायच्या, सरकी काढायच्या मशीनलाही जीनच म्हणतात. ओट्याच्या पोटात भुयार, भुयारात या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लोखंडी शाफ्ट, त्यावर चोवीस पुल्या, प्रत्येक पुलीवरून चामड्याचा पट्टा वर ओट्यातल्या फटीतून जिनीला. पलीकडं इंजिनघर, आधी वाफेचं, त्याची अर्धी चिमणी अजून उभी आहे, नंतर रस्टनचं ऑइल इंजिन. इंजिन फिरलं की शाफ्ट, शाफ्ट फिरला की चोवीस जिनी एकदम. एक एक जीन वेगळी बंद करायची तर पट्टा सरकवून मोकळ्या पुलीवर टाकायचा, तो टाकताना एकाचा हात गेला होता अशी आठवण गावात आहे.

जिनीचं काम साधं पण भारी. फोन्स मॅकार्थी नावाच्या अमेरिकन माणसाने १८४० मध्ये काढलेली पद्धत. चामड्याचा रूळ फिरतो, कापसाचे तंतू त्याला चिकटून ओढले जातात, वर एक घट्ट बसवलेली सुरी, तिच्यातून तंतू जातात पण सरकी जात नाही, आणि दुसरी एक पट्टी वरखाली होत सरकीला ठोसे मारून खाली पाडते. रुई पुढं, सरकी खाली. भुयारात मातीत गाडलेली एक ओतीव पाटी सापडली, प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम. इंग्लंडातलं गाव. म्हणजे आमचा कापूस रेचायला मशीनही तिकडून आणि एके काळी वऱ्हाडातली रुईही तिकडंच. ती पाटी आता स्वयंपाकघरात आहे, बायको तिच्यावर गरम कुकर ठेवते.

साफसफाईला दीड महिना. वटवाघळं, दोन धामण, एक घोणस, ट्रॉलीच्या ट्रॉल्या विटा आणि माती. साप पकडणारा पोरगा तर ओळखीचाच झाला, शेवटी म्हणाला काका मला इकडंच एक खोली द्या.

आणि मग मी पहिली मोठी चूक केली. भिंती चुन्याच्या आहेत, विटा चुन्यात बसवलेल्या, वरचा गिलावा झडलेला. इंजिनियर म्हणाला काही नाही, सिमेंटने मारून घेऊ, शंभर वर्षं बघायला नको. मारलं. दिवाळीत मस्त दिसत होतं, फोटो काढले. पुढच्या पावसाळ्यात भिंती खालून तीन फुटापर्यंत ओल्या, पांढरा लोणा फुटला, आणि गणपतीच्या आधी एका रात्री धाडकन आवाज, अख्खा पापुद्राच खाली, पाच बाय चार फुटाचा. जुन्या विटा पाणी पितात आणि चुन्यातून हळूहळू बाहेर सोडतात, आपण वर सिमेंट लावून त्यांचं तोंड बंद केलं, मग ते पाणी जाईल कुठं. सगळं सिमेंट छिन्नीने काढलं, काढताना विटांचे तोंडही गेले, लावायला लागले त्याच्या दुप्पट पैसे काढायला.

चुन्याचं काम येणारा मिस्त्री शोधण्यात उन्हाळा गेला. शेवटी कारंजाकडून एक म्हातारे मिस्त्री आले, सोबत दोन पोरं. चुना भिजवून खड्ड्यात महिनाभर ठेवला, वाळू, विटांची भुकटी, गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी. इंजिनियर हसत होता. मिस्त्री त्याला काही बोलले नाहीत, फक्त मला म्हणाले, "भाऊ, घाई असन तर सिमेंटच लावा, मी घरी जातो." घाई नव्हती. म्हणजे होती पण पैसेच संपले होते त्यामुळे आपोआपच नव्हती.

दुसरी चूक छपराची. टिनाचं छप्पर, आणि माथ्यावर, दोन्ही उतार मिळतात तिथं, सगळ्या लांबीवर एक उचललेली पट्टी, बाजूने उघडी, तिच्यावर वेगळं छोटं टिन. कबुतरांची कॉलनी. मी म्हटलं बंद करा हे. बंद केलं, खाली बांबूच्या तट्ट्यांचं सिलिंग मारलं, आणि एप्रिलमध्ये आत उभं राहवेना. आपल्याकडं ४५-४६ डिग्री म्हणजे बातमीही नसते, पण हे वेगळंच होतं, रात्री अकरा वाजताही ओटा तापलेला, पोरगी म्हणाली बाबा आपण ओव्हन विकत घेतलं का.

तेव्हा जिनीचे जुने फिटर चाचा भेटायला आले. ऐंशीच्या पुढचे, एका कानाने ऐकू येत नाही, तो कान इंजिनाकडचा. वर पाहिलं आणि म्हणाले, "ते नाक काहून दाबलं रे? इमारतीचं नाक होतं ते." गर्दा बाहेर जायला ती पट्टी ठेवलेली. गरम हवा वर जाते, सोबत गर्दा घेऊन जाते. मग काठीने ओट्यातल्या फटी दाखवल्या, ज्या मी टाइल्स लावायच्या आधी काँक्रीटने बुजवणार होतो, मिक्सर बोलावलेलं होतं. खाली भुयार थंड, वर नाक उघडं, मध्ये फटी. म्हणे आम्ही दुपारी इंजिनाला पाणी पाजायला थांबलो की पोरं त्या फटींवर आडवी व्हायची.

मिक्सर परत पाठवला. माथ्याची पट्टी उघडली आणि कबुतरांसाठी जाळी मारली, चोवीसपैकी अठरा फटींवर सागाची झाकणं बसवली, बिजागरीवाली. भुयाराच्या दोन्ही टोकांना सरकी ओढायच्या मोऱ्या होत्या त्या मोकळ्या केल्या, तिथंही जाळी, सापांसाठी. आता मे महिन्यात सकाळी झाकणं उघडली की पायाला गार वारा लागतो. थर्मामीटर लावून पाहिलं, बाहेर ४५ असताना भुयारात ३३. कूलर लागतोच, खोटं नाही बोलत, पण एक लागतो, सगळ्या खोल्यांत नाही.

त्यानंतर मी एक नियम केला की भिंतीतलं कोणतंही भोक बुजवायच्या आधी मायला नाहीतर चाचांना विचारायचं. अडचण अशी की माय यायलाच तयार नव्हती. ती जुन्या घरी, गावात, पुतण्याच्या ओसरीत. मी फोटो काढून न्यायचो. "माय, हे काय आहे?" ती चष्मा लावून पाहायची आणि इंजिनियरला न सुचलेलं सांगायची. उत्तरेच्या भिंतीत छातीइतक्या उंचीवर ओळीने कोनाडे, आम्हाला वाटलं दिव्यासाठी. ती म्हणाली कुठले दिवे, जिनीत उघडा दिवा ठेवला असता तर शेठनं जीव घेतला असता, एक ठिणगी अन् सगळं खाक, बिडी सुद्धा फाटकाबाहेर ठेवावी लागे. ते कोनाडे भाकरीचे. फडक्यात बांधलेली भाकर आपापल्या कोनाड्यात. आणि तिसरा कोनाडा कोणाचा, तर आजीचा.

आगीची भीती किती होती ते आवारातल्या हौदावरून कळतं. वीस बाय पंधरा, दगडी, फक्त आग विझवायला. कापसात खडा आला आणि सुरीवर घासला की ठिणगी, म्हणून ओट्यावर वाळूच्या बादल्याही. हौदात आता पावसाचं पाणी साठवतो, परसबाग त्यावरच चालते.

माय यायला लागली ती कापसामुळेच. छपराच्या लोखंडी कैचीला साफ करताना, कैची भिंतीत जिथं बसते तिथल्या खोबणीतून रुईचा एक गोळा निघाला. वरून काळा कुट्ट, आतून पिवळट. किमान तीस वर्षं जुना, कदाचित जास्तच. मी तो पिशवीत घालून तिच्याकडं नेला. तिने वरचा काळा थर काढून फेकला, आतला चिमूटभर घेतला, दोन्ही अंगठ्यांच्या नि बोटांच्या चिमटीत धरून हळू ओढला, तुटला, परत जुळवला, परत ओढला, असं चारपाचदा. मग ते तंतू काळ्या लुगड्यावर मांडीवर सरळ ठेवले, बोटाने लांबी पाहिली. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "आखूड हाय. गावरान. बुरी असती तं इतका लागला असता," आणि बोटावर लांबी दाखवली. "दिवानजीनं दोन नंबर लावला असता."

पूर्वी वऱ्हाडात बनी नावाचा लांब धाग्याचा कापूस होता, मग जरी आला, आखूड पण जास्त पिकणारा, नंतर अमेरिकन जातीची बुरी, १९७० पासून संकरित एच-४, आणि आता तर बीटीशिवाय काहीच नाही. मी रोज दुकानात बियाण्याची पाकिटं विकतो, त्यावर धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये छापलेली असते. तिने मांडीवर बोटाने मोजली.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "चाल, पाह्यते काय करून ठेवलं ते."

आली. ओट्याच्या पायऱ्या चढली, पायऱ्या नवीन आहेत हे लगेच ओळखलं, पूर्वी शिडी होती. हॉलमध्ये आता भिंती उभ्या झाल्यात, तीन खोल्या, मध्ये मोकळी जागा, तिने भिंतींकडं पाहिलंच नाही, खाली फटी मोजत चालली. एक, दोन, तीन. नवव्या झाकणाजवळ थांबली. "मी इथं." समोरच्या रांगेत बोट दाखवलं, "तुही आजी तिथं, अकरावर. मधात रुईचा ढीग, पलीकडचं मानूस दिसे नाही, म्हनून ती मधामधात आवाज दे. पन इंजनात आवाज कायचा आयकू येते." मग कसं कळायचं, मी विचारलं. "हात वर करे न." नऊ नंबर म्हणजे आमच्या बेडरूमचा दरवाजा जिथं आहे ती जागा. अकरा नंबर स्वयंपाकघरात, गॅसच्या ओट्याखाली गेलाय. बायकोने तिथं गॅस सिलिंडर ठेवला होता, तो त्याच दिवशी तिने न सांगता हलवला.

खोली कोणती घेणार विचारलं तर तिने हॉलमधली एकही घेतली नाही. इंजिनघराशेजारी दिवाणजीची खोली आहे, दहा बाय बारा, खिडकी रस्त्याकडं, गर्दा तिथवर यायचा नाही. ती घेतली. मजुरी वाटायची खिडकी तीच, गज लावलेली, खाली दगडाची पट्टी हाताच्या घासण्याने गुळगुळीत. तिथं आता तिचा रेडिओ असतो.

खर्चाचं सगळे विचारतात. छप्पर, चुना, लाकूड, प्लंबिंग, वायरिंग सगळं धरून नव्या घराएवढाच लागला, फुकट सिमेंट लावून काढल्याचे पैसे वेगळे. सगळ्यात जास्त त्रास प्लंबिंगने दिला, दीड फुटी भिंतीत पाइप न्यायला प्लंबरच्या दोन ड्रिल बिट तुटल्या. काळ्या मातीचं भय होतं, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात नि पावसात फुगते, नव्या घरांना तडे जातात, पण जुना पाया खाली मुरमापर्यंत नेलेला निघाला, तिथं एक पैसा लागला नाही. चिमणीचं अजून काय करायचं ठरलं नाही. वर पिंपळ आहे, मधमाश्या आहेत, आणि पाडायची म्हटलं की गावातले लोक म्हणतात राहू द्या, शेतातून येताना तीच पाहून अंदाज येतो गाव किती लांब आहे.

एक राहिलं. इमारतीला दोन दारं आहेत, समोरासमोरच्या भिंतींत. एक पश्चिमेला, मोठं, बंडी जाईल एवढं, एक पूर्वेला. मला वाटलं हवेसाठी. नंतर कळलं की १९२५ चा जिनिंग-प्रेसिंगचा कायदाच होता, नव्या जिनीत कापूस आत यायचं दार वेगळं आणि रुई बाहेर न्यायचं वेगळं ठेवायचं, भेसळ होऊ नये म्हणून. आमच्या जिनीत कापूस मागून, पूर्वेच्या दाराने यायचा, आणि बायाही तिकडूनच. सुटीला त्याच दाराशी झडती व्हायची, ओच्यात रुई लपवली का म्हणून. समोरच्या दाराने रुई जायची, शेठ, दिवाणजी आणि व्यापारी.

आम्ही अर्थातच समोरचं दार मेन केलं. जुनाच सागाचा दरवाजा, पॉलिश करून, बाहेर तुळशी वृंदावन, पायरीवर रांगोळी. मायच्या खोलीतून ते दार पंधरा पावलांवर आहे. मागचं दार गाठायला इंजिनघराला वळसा घालून हौदाकडून जावं लागतं, पावसात चिखल होतो, म्हणून मी तिथं फरशी टाकून दिली. रोज सकाळी देवळात जाताना ती मागच्या दाराने जाते आणि मागच्याच दाराने येते. दोन वर्षं झाली. एकदा पाऊस होता, मी समोरचं दार उघडून छत्री घेऊन उभा राहिलो, म्हटलं माय, इकडून ये न, भिजशील.

ती हौदाकडूनच आली, पदर डोक्यावर धरून. म्हणाली, "राहू दे, मले इकडून जवळ पडते."